गोळी दारूवर टेकली का?

तू ठासणीची रायफल घेतलीस हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. पण फोनवर तुझा पहिला प्रश्न आला, "मामा, दारू किती घालायची?" नवीन माणूस हेच आधी विचारतो. त्याचं उत्तर मी देणार आहे, पण जरा पुढे. आधी नळीच्या आत बघ.

नळीच्या आतून पिळाचे चर कोरलेले असतात. ते किती इंचांत एक पूर्ण फेरा घेतात, हा आकडा कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. ६६ किंवा ७० इंचांत एक फेरा असेल तर ती नळी फडक्यात बसवलेल्या गोल गोळीची. २८ किंवा ३२ इंचांत एक असेल तर लांबट, निमुळत्या टोकाच्या गोळीची. ४८ इंचांत एक ही मधली वाट. न्यू हॅम्पशरच्या थॉम्प्सन सेंटरने १९७० साली हॉकेन रायफल बाजारात आणली, तिला हाच पीळ होता. तुझी रायफलही त्याच घडणीची, म्हणून हे सविस्तर सांगतोय.

वूलिचला गणिताचे प्राध्यापक असलेले जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ साली एक साधं सूत्र मांडलं. गोळीच्या व्यासाचा वर्ग कर, त्याला १५० ने गुण, गोळीच्या लांबीने भाग. जितके इंच येतील तितक्यात एक फेरा हवा. तुझी गोळी अर्धा इंच जाड. ती एक इंच लांब असेल तर उत्तर येतं साडेसदतीस. तुझ्या नळीचा पीळ ४८, म्हणजे एक इंचाची गोळी तिला झेपायची नाही. उलट बाजूने हिशोब केलास तर पाऊण इंचाच्या आसपासची आखूड गोळी बसते. सूत्र अंदाजाचंच आहे, पण दुकानात उभं राहून निवड करायला पुरेसं आहे. कागदावर गोल भोकाऐवजी लांबट, आडवं भोक पडायला लागलं, तर गोळी हवेत आडवी होतेय असं समज आणि आखूड गोळी घे. दारू वाढवून तो दोष झाकायच्या फंदात पडू नकोस.

तळकोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवलेल्या ठासणीच्या बंदुका तू पाहिल्या असशील. त्यांची नळी आतून गुळगुळीत असते, पीळच नाही. तशा नळीत लांबट गोळी घालण्यात काही अर्थ नाही. पिळाशिवाय ती कोलांट्या खात जाते.

आता गोळीकडे ये. लांबट गोळ्यांची दोन घराणी आहेत आणि दोन्हींची भरण्याची रीत वेगळी. पहिलं घराणं फ्रेंच अधिकारी क्लोद-एत्येन मिनी यांचं, १८४० च्या दशकाच्या अखेरचं. त्याआधी पिळाच्या नळीत गोळी घट्ट बसवायची तर ती ठोकत ठोकत खाली न्यावी लागे, आणि लढाईत तेवढा वेळ कुणाजवळ असतो? मिनींनी गोळी नळीपेक्षा किंचित बारीक केली आणि तिचं बूड पोकळ ठेवलं. ती सहज खाली उतरते. दारू पेटली की वायूचा दाब पोकळ बुडाची कड बाहेर फाकवतो आणि ती कड चरांत घुसते. मिनींच्या गोळीच्या बुडात लोखंडी वाटी होती. अमेरिकेतल्या हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारात जेम्स बर्टन यांनी दाखवून दिलं की बुडाची पोकळी नीट घडवली तर वाटीची गरजच नाही. १८५५ साली अमेरिकी लष्कराने ५८ कॅलिबरची ही गोळी स्वीकारली. गोळीचं वजन ५०० ग्रेनच्या घरात, दारू ६० ग्रेन. त्या स्प्रिंगफील्ड रायफलींचा पीळ ७२ इंचांत एक होता. ग्रीनहिलच्या सूत्राने ते जमू नये, पण पोकळ बुडामुळे गोळीचं वजन पुढे सरकतं आणि तिला कमी पीळ पुरतो.

दुसरं घराणं भरीव बुडाचं. तुझ्या रायफलीसोबत आलेल्या मॅक्सी-बॉल गोळ्या त्यातल्या. या गोळीला बाहेरून पट्टे असतात. खालचे पट्टे नळीत अलगद शिरतात, वरचा पट्टा किंचित मोठा असतो. तो तोंडाशी दाबून आत ढकलताना नळीचे चर स्वतःच त्यावर उमटतात. म्हणजे मिनीच्या गोळीचं काम दारू करते, मॅक्सीचं काम तुझा हात करतो. म्हणून पोकळ बुडाच्या गोळीत दारू जास्त झाली की कड फाटते किंवा वाकडी फाकते आणि नेम विखुरतो. भरीव गोळीत ते दुखणं नाही, पण तोंडाशी ती तिरकी शिरली की पुढे सरळ होत नाही.

तिरकी शिरण्याबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८४० साली अॅल्वन क्लार्क नावाच्या माणसाने नळीच्या तोंडावर बसवायच्या खोट्या तोंडाचं पेटंट घेतलं. नळीचाच एक तुकडा कापून तो खुंट्यांनी पुन्हा तिच्याच तोंडावर बसवायचा. गोळी त्यातून बरोब्बर सरळ उतरते, नळीचं खरं तोंड घासलं जात नाही, आणि बार काढण्याआधी तुकडा काढून ठेवायचा. हेच क्लार्क पुढे दुर्बिणीच्या भिंगांसाठी जगभर गाजले. १८६२ साली त्यांच्या मुलाने त्यांच्याच नव्या भिंगातून व्याधाच्या ताऱ्याचा फिकट जोडीदार पहिल्यांदा पाहिला. गोळी नळीत सरळ शिरावी म्हणून ज्याने इतका जीव पाखडला, त्याच्याच घरात असं भिंग घासलं गेलं याचं मला फार अप्रूप वाटतं. तुला खोटं तोंड लागणार नाही. पण गोळी तोंडावर ठेवलीस की चारही बाजूंनी बघ, अंगठ्याने सरळ कर, आणि मगच स्टार्टरच्या, म्हणजे गोळी आत ढकलायच्या आखूड दांडीच्या, मुठीवर तळव्याने एकच ठाम दाब दे.

शिसं मऊच हवं. नखाने ओरखडा उठला पाहिजे. गाडीच्या चाकाच्या वजनांचं शिसं फुकट मिळतं म्हणून कुणी देऊ केलं तर नम्रपणे नको म्हण. त्यात अँटिमनी असतं आणि ते कडक होतं. कडक गोळी मॅक्सी असेल तर खाली जाता जात नाही, मिनी असेल तर कड फाकत नाही. शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. ओतायला त्याहून बरंच तापलेलं लागतं. गोळीवर सुरकुत्या आल्या तर साचा किंवा शिसं थंड आहे. अंगावर दुधी, खरखरीत झाक आली तर फार तापलंय. झाक आलेली गोळी चालते, सुरकुतलेली पुन्हा भांड्यात टाक. आणि बूड बघ. नळीतून सर्वांत शेवटी बूडच सुटतं. त्याच्या कडेला खाच असेल तर वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला धक्का देतो. टोकाला जरासं खरचटलं असेल तर त्याची फिकीर करू नकोस. प्रत्येक गोळी तराजूवर घाल. बाकीच्यांपेक्षा हलकी भरली तिच्या पोटात हवेचा फुगा आहे.

ओतकाम घराबाहेर, वाऱ्यावर. स्वयंपाकघरातलं भांडं यासाठी कधीही वापरायचं नाही, आणि वापरलेलं भांडं परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि शिसं उसळून अंगावर येतं. ओला चमचा, घामाचं कपाळ, दमट शिशाचा तुकडा, सगळं लांब ठेव. चष्मा, जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाला हात लावू नकोस आणि लेकीला त्या बाजूला फिरकू देऊ नकोस. लहान मुलांना शिशाचा थोडा अंशही बाधतो.

वंगणाचं प्रकरण आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात भेटलेलं आहे. १८५७ ची काडतुसं आठव. ती एनफिल्ड रायफलची होती, आणि तिची गोळीही अशीच लांबट, बुडाकडून फाकणारी. कागदी काडतूस दाताने फोडायचं, दारू नळीत ओतायची, उलटं करून गोळी तिच्या वंगण लावलेल्या कागदासकट नळीत घालायची आणि उरलेला कागद फाडून टाकायचा. ती चरबी कुठल्या जनावराची, या शंकेने त्या जानेवारीत डमडमला ठिणगी पडली. शिपायांनी आपल्याला चालेल ते वंगण स्वतः लावावं, अशी मुभा सरकारने दिली, पण तोवर विश्वास उडाला होता. शाळेत आपल्याला हे शिकवलं, पण मुळात वंगण लागतंच कशाला हे सांगितलं नाही. काळ्या दारूत सोरा ७५ टक्के, कोळसा १५, गंधक १०. ती जळल्यावर निम्म्याहून जास्त वजन घनरूपात मागे राहतं. थोडं धुरासोबत बाहेर जातं, बाकीचं नळीला चिकटतं. वंगणाशिवाय थोडेच बार काढल्यावर ते कीट इतकं कडक होतं की पुढची गोळी अर्ध्यात अडकते. वंगण त्या किटाला मऊ ठेवतं.

मधमाशांचं मेण आणि मेंढीची चरबी हे ठासणी वापरणाऱ्या जुन्या लोकांचं मिश्रण. तुमच्या घरात चरबी चालत नाही हे मला ठाऊक आहे, तेव्हा मेण आणि ऑलिव्ह तेल घे. तेही उत्तम चालतं. उन्हाळ्यात मेण जास्त, थंडीत तेल जास्त. गोळीच्या पट्ट्यांमधल्या खाचा पूर्ण भर, आणि बूड मात्र पुसून कोरडं ठेव. वंगण दारूला लागलं की दारू मेली. दारू आणि गोळीमध्ये वंगण लावलेली नमद्याची चकती घातलीस तर आणखी बरं. खनिज तेलाचं ग्रीस किंवा व्हॅसलीन नको. काळ्या दारूच्या आगीत त्याचं डांबर होतं आणि ते काढता काढता हात दुखतात.

आता दारू किती ते सांगतो. काळीच दारू, किंवा तिच्या जागी वापरण्यासाठी म्हणूनच विकली जाणारी. आधुनिक काडतुसांतली धूररहित दारू या नळीत चिमूटभरसुद्धा घालायची नाही; नळी फुटते आणि माणसं हात, डोळे गमावतात. यात सवलत नाही. दारूचं माप घनफळाचं असतं, ग्रेनच्या खुणा असलेली पितळी नळकांडी मिळते. कंपनीच्या पुस्तिकेत लांबट गोळीसाठी वेगळा कमाल आकडा दिलेला असतो आणि तो गोल गोळीपेक्षा कमी असू शकतो. लांबट गोळी जड असते, त्यामुळे तेवढ्याच दारूला मागे जास्त दाब तयार होतो. पुस्तिकेतल्या सर्वांत कमी आकड्यापासून सुरुवात कर, पाच पाच ग्रेनने वर जा, प्रत्येक मापाचे पाच पाच बार कागदावर काढ. भोकं जवळ जवळ पडायला लागली की थांब. ती जागा कमाल आकड्याच्या बरीच अलीकडे सापडते, आणि खांदाही सुखात राहतो.

भरताना मी सांगतो तोच क्रम ठेव. इंडियानात फ्रेंडशिप नावाचं गाव आहे. १९३३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय ठासणी रायफल संघटनेच्या मोठ्या स्पर्धा तिथे भरतात. तिथल्या जुन्या मंडळींनी मला हा क्रम घोटवून दिला.

नळी रिकामी आहे ना, हे गज आत घालून बघ. रिकाम्या नळीत गज तळाला टेकला की तोंडाशी त्यावर एक खूण कर. योग्य भरलेल्या नळीत गोळीवर टेकल्यावर दुसरी. या दोन खुणा तुझ्या जिवाच्या राखणदार आहेत. नंतर कोरडं फडकं फिरवून आतलं तेल काढ आणि घोड्याखालच्या निपलवर ठिणगीच्या दोन नुसत्या टोप्या फोड. नळीचं तोंड गवताच्या पात्याजवळ धर. पातं हललं म्हणजे वाट मोकळी आहे. रायफल उभी, तोंड तुझ्या चेहऱ्यापासून लांब कललेलं. दारू शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत कधी ओतायची नाही. आत आधीच्या बाराची ठिणगी उरली असेल तर मापातली दारू पेटेल, ती हात भाजेल. पण डबा पेटला तर बॉम्बच. म्हणून आधी मापात, मग नळीत. नळीच्या अंगावर दोन टिचक्या मार म्हणजे दारू खाली बसेल.

मग गोळी. सरळ ठेवली, स्टार्टरने आत गेली, आता गज. गज तोंडाजवळ, वीतभर उंचीवर धर आणि थोडं थोडं ढकलत जा. वरच्या टोकाला धरून जोर लावला की लाकडी गज वाकतो, मोडतो, आणि मोडलेलं टोक तळव्यातून आरपार जातं. तसं झालेले हात मी पाहिले आहेत. गजाच्या टोकावर तळवा ठेवायचा नाही, डोकं नळीच्या तोंडावर आणायचं नाही.

गोळी दारूवर टेकली पाहिजे. माझं सगळं सांगणं तू विसरलास तरी चालेल, हे विसरू नकोस. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर दाब एका जागी साठून नळीला तिथे फुगवटा येतो, कधी नळी फुटते. लांबट गोळी किटामुळे वाटेत अडकली की हाताला 'टेकली' असं वाटतं, आणि ती अजून बोटभर वर असते. म्हणूनच गजावरची खूण बघायची. टेकल्यावर गज आपटायचा नाही, दारूचे दाणे चुरडतात आणि प्रत्येक बार वेगळा जातो. दर वेळी सारखाच दाब दे. गज बाहेर काढून खाली ठेव. टोपी सर्वांत शेवटी, निशाणाकडे तोंड करून उभा राहिल्यावरच.

बाजूला कुणी गप्पा मारायला आलं तर भरणं थांबव आणि खुणेवरून पुन्हा सुरू कर. १८६३ साली गेटिसबर्गच्या लढाईनंतर मैदानातून २७ हजारांहून जास्त बंदुका गोळा केल्या. त्यातल्या सुमारे २४ हजार भरलेल्या होत्या. सुमारे १२ हजारांत दोन दोन बार एकावर एक, सुमारे ६ हजारांत तीन ते दहा. एका बंदुकीत तर २३ बार होते. ती माणसं अडाणी नव्हती. कानठळ्यांत आणि भीतीत हात चालत राहिले, आणि आपला बार उडालाच नाही हे त्यांना कळलं नाही. रेंजवरच्या गप्पाही लक्ष तसंच उडवतात.

चाप ओढला आणि टोपी फुटून बार उडालाच नाही, तर तोंड निशाणावरच ठेव आणि निदान एक मिनिट तसाच उभा राहा. दारू उशिरा पेटू शकते. मग नवी टोपी. तरीही नाही, तर निपल काढून आत चिमूटभर बारीक दारू सरकव, निपल पुन्हा लाव, गोळी गजाने परत खाली टेकव आणि निशाणाकडे बार काढ. दारू न घालता गोळी भरली गेली तर हाच उपाय. दर बारानंतर ओलसर फडकं, मग कोरडं फडकं. ठिणगी विझते, कीट निघतं, आणि प्रत्येक गोळीला सारखी नळी मिळते.

नेमाचं फार सांगत नाही, तो तुझा तुलाच सापडेल. फक्त चाप ओढल्यावरही माशी निशाणावरून हलू देऊ नकोस. गोळी जड आणि हळू असते, नळीतून निघायला तिला वेळ लागतो. ५० यार्डांवर नेम बांध, मग १०० वर बघ किती खाली पडते, आणि ते वहीत लिही. १०० च्या पुढे ती झपाट्याने खाली येते.

हरणाच्या मोसमात जाणार असशील तर लांबट गोळीची एक खोड लक्षात ठेव. गोल गोळीला फडक्याची पकड असते, हिला नाही. रायफल तोंड खाली करून चाललास, गाडीत खडखडाट झाला, की ती हळूच पुढे सरकते आणि ती पोकळी तयार होते. अधूनमधून टोपी काढून गजाची खूण बघ. आणि जिथे जाणार तिथला कायदा आधी वाच. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी पूर्ण बंद आहे. मेलेल्या जनावरातलं शिसं पोटात जाऊन तिथली काँडर गिधाडं मरत होती, म्हणून तो कायदा झाला, आणि मला तो पटतो. बंदी नसेल तिथेही जखमेभोवतीचं मांस हातचं न राखता कापून टाक. लेकीच्या ताटात तर ते जाताच कामा नये.

साफसफाई त्याच दिवशी, जेवणाआधी. काळ्या दारूचं कीट हवेतला ओलावा ओढतं आणि रात्रीत गंज धरतो. नळी सुटत असेल तर सोडव, बूड बादलीत साबणाच्या कढत पाण्यात ठेव आणि गजाला फडकं लावून पाणी वर खाली खेच. फडकं पांढरं येईपर्यंत. मग कोरडं, मग पातळ तेल. निपलचे आटे आणि घोड्याखालचा भाग जुन्या दातांच्या ब्रशने घास. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी एक पांढरं फडकं फिरव. त्यावर तांबूस डाग आला तर सगळं पुन्हा कर.